सहादेव मोहित्यांचा सोनाटा

सहादेव मोहिते आमच्या समोरच्या घरात राहतात. पूर्वी रेकॉर्डिंग स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे, तेही शेवटच्या रांगेत. कॉम्प्युटर आला आणि कामं आटली. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, पंचशीलावहिनी, गेल्या. तेव्हापासून हा माणूस घरात बसून एक सोनाटा लिहीत होता. सोनाटा म्हणजे काय, हे मला त्यांनीच जिन्यात उभं राहून सांगितलं. व्हायोलिन आणि पियानो, दोघंच. कुणी कुणाचा साथीदार नाही, दोघंही मालक.

लिहून झाला, पण वाजवणार कोण? आमच्या मीरा रोडला ढोकळा हवा तेवढा मिळेल, पियानोवाला मिळणं कठीण. शेवटी तळमजल्यावर कीबोर्डचा क्लास घेणारी क्षितिजा तयार झाली. नवऱ्याच्या बदलीमुळे ती सोमवारी कायमची इंदूरला निघाली होती. म्हणजे हाताशी एकच रविवार. मोहित्यांनी मला पानं उलटायला घरी बोलावलं. त्या कागदांतलं मला ओ का ठो कळत नाही. क्षितिजाने मान हलवली की उलटायचं, एवढंच काम.

पहिला भाग झकास झाला. दुसऱ्यात व्हायोलिन कमी कमी होत गेलं. तिसऱ्यात तर गृहस्थ गज मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेच. मी तीन पानं उलटली, तरी हे आपले बसलेले.

क्षितिजा थांबली. "काका, यात तुमचं वाजवणं कुठंय? सगळं मीच वाजवतेय. लिहिताना काहीतरी चुकलंय."

मला हसू येत होतं. जन्मभर मागच्या रांगेत बसलेल्याला मालक व्हायला सांगितलं, तर तो पुन्हा मागेच जाऊन बसणार, असं काहीतरी बोलणारही होतो.

"चुकलं नाय," मोहिते म्हणाले. "मुद्दाम तसं लिहिलंय. वाजवायचं काय, रोज एकटाच वाजवतोय. घरात दुसरं कुणीतरी काहीतरी करतंय आणि आपण नुसतं बसून ऐकतोय, असं चार वर्षांत झालं नाय. म्हणून तेवढं लिहून घेतलं."

मला लाज वाटली. आमच्या दोन दारांमध्ये पाच पावलं आहेत, आणि मी जिन्यातल्या गप्पांपलीकडे कधी गेलो नव्हतो.

क्षितिजाने मला खुणेनेच पानं मागे घ्यायला लावली, आणि तिसरा भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी जमेल तितका सावकाश.