सातवं पिंप

नेदो बांदेक्कीला नसत्या चौकशा फार. द्राक्षाची बी दाताखाली फोडून बघ, माती जिभेवर ठेव, समुद्रावरून वारा आला की पानांवरचं मीठ चाट. बायको फियोरेल्ला म्हणायची, "बकरीसुद्धा तुझ्यापेक्षा कमी चाखते." इटलीतल्या बोल्गेरी गावच्या द्राक्षमळ्यात चाळीस वर्षं राबलेला हा गडी एका गोष्टीची चौकशी मात्र कुणाला करू देत नसे. ती म्हणजे वाइनच्या सातव्या पिंपाची.

त्याचं असं झालं. तीस वर्षांपूर्वी समुद्राकडच्या शेतात मर्लो द्राक्षाची कलमं लावायची होती. वेगवेगळ्या जातींच्या सगळ्या जुड्या बांधावर ठेवून नेदो पाव आणि घेवडा खायला बसला. तेवढ्यात लिबेच्चो सुटला. या वाऱ्याला काही धरबंद नाही, त्याने जुड्यांवरच्या चिठ्ठ्या उधळून लावल्या. नेदोने त्या गोळा केल्या आणि अंदाजाने परत बांधल्या. तिसऱ्या वर्षी पानं निरखताना त्याला चूक कळली. शेवटच्या तीन ओळी मर्लोच्या नव्हत्याच, काबेर्ने फ्रांक या उशिरा पिकणाऱ्या दुसऱ्याच जातीच्या होत्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या ओळी तो स्वतःच छाटायचा, आठवडाभर उशिरा स्वतःच तोडायचा आणि त्यांची वाइन सातव्या पिंपात वेगळी ठेवायचा. मालक पिसा शहरातले वकील, त्यांना पानातलं काय कळणार? "खाऱ्या वाऱ्याने उशिरा पिकतात," एवढं सांगितलं की त्यांचं समाधान व्हायचं.

मालक वारले, मळा त्यांच्या मुलीकडे, जिनेव्राकडे आला. यंदा जानेवारीत, वेली उघड्याबोडक्या असताना, तिने ठरवलं की मर्लोला आताचा उन्हाळा सोसत नाही, सोमवारी समुद्राकडचं शेत उपटायचं. त्याआधी ती पिंपांतल्या वाइनचं मिश्रण करायला बसली. या पिंपातलं थोडं, त्या पिंपातलं थोडं, चाखायचं आणि थुंकायचं. काही केल्या जमेना. मग तिने सातव्यातलं घातलं, चव एकदम जमली आणि ती थांबली.

"नेदोकाका, हा मर्लो असा मिरीसारखा का लागतो?"

बोलावं तर चाळीस वर्षांची अब्रू जाणार, गप्प बसावं तर सोमवारी तीन ओळी जाणार. नेदोने टोपी काढली.

"कारण तो मर्लो नाही, पोरी." आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून."

जिनेव्रा हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"याच पिंपाची चव बघून बाबांनी ओढ्यापलीकडे मर्लो लावला. समुद्राजवळ इतका छान येतो म्हणून. वीस वर्षं तो फुसका निघतोय. बाबा मरेपर्यंत त्या मातीला नावं ठेवत होते."

जगाच्या चौकशा करणाऱ्या नेदोने ते शेत मालकांनी का लावलं, हे कधी विचारलंच नव्हतं.

"मला वाटलं, चूक तीन ओळींपुरतीच आहे," तो म्हणाला.

"त्या तीन ओळी राहतील. पण खांबांना खऱ्या नावाच्या पाट्या तू बांध. आजच."

नेदो पाट्या आणि त्या बांधायला ओल्या वेताच्या काड्या घेऊन शेतात गेला. लिबेच्चो होताच. त्याने प्रत्येक पाटीला तीन-तीन गाठी मारल्या. मग घरी न जाता ओढा ओलांडून पलीकडच्या शेतात गेला, खाली बसला आणि चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

माती चांगली होती.