न पडलेली सुई

"ज्याचं माप त्याच्याच अंगावर घ्यावं," असं शिंपीदादा येता-जाता म्हणायचे. त्यांच्या लेकीनं परदेशी जोडीदार निवडला आणि एका संथ, पिवळ्या संध्याकाळी मुलाचे वडील दुकानात आले. दारातच ते कमरेतून वाकले आणि तसेच राहिले, वाऱ्यानं कणीस लवावं तसे.

दादांना वाटलं, पाहुण्यांच्या पायाशी सुई पडलेली दिसते. ते झटकन गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले.

लेक धावत पुढं आली. पाहुण्यांना ही थट्टा वाटली तर सोयरीक इथंच मोडायची.

"बाबा, सुई नाही हो! नमस्कार करतायत ते!"

"अगं, मग आधी नाही का सांगायचं?"

पण एव्हाना पाहुणेही गुडघे टेकून फरशीवर हात फिरवत होते. इथली रीतच ही, असं त्यांनी धरलं असावं.

आतून आई म्हणाली, "सापडली तर मला द्या, सकाळपासून शोधतेय!"

दादा उठले आणि पाहुण्यांसारखेच, पाठ कुरकुरेपर्यंत, सावकाश वाकले. पाहुण्यांचा चेहरा उजळला. मग एकमेकांची भाषा न येणारे ते दोघे व्याही हातवाऱ्यांनी गप्पा मारत दुकानाबाहेर मावळत्या उजेडात चालू लागले. लेक दारातून पाहत राहिली.