पाणी गप्प आहे

मर्ल ट्वेट माइकवर बोलायच्या आधी नाकातून एकदा हवा सोडायचा. मग सुरू. "मंडळी, डावीकडे पाणमांजर. उताणं पडलंय, पोटावर ताट मांडलंय. माझा मेहुणा असाच जेवतो, पण त्याला बघायला कोणी तिकीट काढत नाही."

मर्ल प्रवासी बोटीचा कॅप्टन, आणि माझी आई त्याच्या हाताखाली मेट. शाळेला सुट्टी लागली की माझा उन्हाळा त्याच बोटीवर जायचा, त्यामुळे पंधराव्या वर्षीच मला अख्खा मर्ल पाठ होता. खोकला, पॉज, सगळं. त्याचे आणि प्रवाशांचे संवाद मी धक्क्यावर करून दाखवायचे. टेक्सासच्या एक बाई होत्या, त्यांच्या आवाजात प्रत्येक शब्द लोण्यातून काढल्यासारखा:

"कॅप्टन, ते काळं काय हो? व्हेल?"

"खडक आहे, मॅडम."

"अगंबाई. मग पाण्याखाली कधी जाईल?"

"भरतीला, मॅडम."

यावर सगळं बंदर हसायचं, मर्लही. अलीकडे मी नकलेत एक नवी भर घातली होती. कोणी काही बोललं की मान वाकडी करून, डोळे बारीक करून म्हणायचं, "हं? पुटपुटू नकोस, पोरी." याला सगळ्यात मोठा हशा यायचा.

मर्ल वडिलांच्या सामन मासे पकडायच्या बोटीवर वाढला. टँकर फुटून तेल सांडलं तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मासेमारी बंद पडली, तो उन्हाळा त्यानं किनाऱ्यावरचे दगड पुसण्यात घालवला. त्या तेलातून वर येऊन श्वास घेणारं ऑर्कांचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या शिकारी व्हेलचं, एक कुटुंब त्यानं पाहिलं. त्यानंतर त्या कुटुंबात एकही पिल्लू जन्मलं नाही. होते ते एकेक करून कमी होत गेले. मर्ल प्रवासी बोटीवर आला तो पोटासाठी, हे खरंच. पण टिकला त्यांच्यासाठी. ते सील मारायला हिमनदीच्या तोंडाशी येतात आणि आमची बोट रोज तिथंच जाते.

तिथं पोचलं की तो इंजिनं बंद करायचा, लोकांना चूप करायचा आणि एक माइक पाण्यात सोडायचा. आधी स्वतः हेडफोन लावून ऐकायचा. कोणी बोलत असलं तरच बटण फिरवून केबिनच्या स्पीकरवर लावायचा. ऑर्कांच्या प्रत्येक घराण्याची बोली वेगळी. यांची हाक बारीक, लांब, शेवटी वर चढणारी. मी आठ वर्षांची असताना त्यानं ती मला शिकवली होती. "ओठांनी नको. घशातून काढ. शेवटी वर ने, न तेल घातलेल्या दारासारखी."

गेली दोन वर्षं तो हेडफोन काढून एवढंच म्हणत होता, "आज पाणी गप्प आहे, मंडळी."

सुकाणूच्या वर त्यानं त्या सगळ्यांच्या पाठीवरच्या परांचे फोटो चिकटवले होते. मागच्या सप्टेंबरात ते नखानं सोडवून एका पाकिटात घातले. "गेले ते," तो आईला म्हणाला. आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बर्फाचा कडा कोसळायच्या आधीची खालच्या पट्टीतली घरघर अजूनही सगळ्यांत आधी त्यालाच कळायची, म्हणून त्याच्या कानांची शंका कोणाला आली नाही.

जुलैतल्या त्या दिवशी स्पीकर नुकताच दुरुस्त होऊन आला होता आणि त्याचं बटण चालूच राहिलं होतं. मर्लनं इंजिनं बंद केली, माइक सोडला, हेडफोन चढवले. केबिनमध्ये ऐंशी माणसं. स्पीकरमधून आधी बर्फाची चुरचुर आली. मग ती हाक.

मी सूपचा वाडगा खाली ठेवला. हाक पुन्हा आली. लांब, बारीक, शेवटी वर.

आणि तिच्यावरच मर्लचा आवाज: "पाणी गप्प आहे, मंडळी. इथं एक कुटुंब यायचं. आता कोणी उरलेलं नाही."

लोक एकदा स्पीकरकडे, एकदा सुकाणूच्या खोलीकडे बघत होते. एका लहान मुलीनं आईला विचारलं, "मग रडतंय कोण?"

आई वर धावली. मी तिच्या मागे. बोटीवर ती त्याला अहोजाहो करते, धक्क्यावर अरेतुरे.

"कॅप्टन, तुमचं बटण चालू आहे. ऑर्का बोलतेय."

"हं? पुटपुटू नकोस."

"मर्ल," आई म्हणाली. बोटीवर पहिल्यांदाच. "ती आत्ता बोलतेय. तुला ऐकू येत नाहीये."

त्यानं हेडफोन कानांवर दाबले. बोटं पांढरी पडेपर्यंत दाबले. मग काचेतून खाली केबिनमधल्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि त्याला कळलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "करून दाखव."

मी केली. घशातून, जमेल तितकी खालच्या पट्टीत, दोनदा. दुसऱ्यांदा त्यानं मान डोलावली.

"म्हातारी आहे ती. उत्तर कोण देतंय?"

आईनं त्याच्याकडचे हेडफोन घेतले. बराच वेळ ऐकलं. "कोणी नाही."

"एकटीच?"

"एकटीच."

"दोन वर्षं," तो म्हणाला. नंतर माइक हातात घेतला, या वेळी नाकातून हवा न सोडता. "मंडळी, माझी चूक झाली. ती आहे." आईला सुकाणू दिलं आणि खाली जाऊन प्रवाशांच्या बाकावर बसला. टेक्सासच्या नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी बाईंनी त्याला कॉफी आणून दिली. त्यानं ती बंदर येईपर्यंत हातात धरली. प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅप्टनचं लायसन कंपनीच्या टेबलावर ठेवलं. कोणी मागितलं नव्हतं. मी ती नक्कल पुन्हा केली नाही.

आता आमची बोट आली की तो धक्क्यावर असतो. दोर पकडत नाही, नुसता उभा राहतो. आई उतरली की विचारतो, "आज?"

"नाही."

"नक्की? तुझे कान ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत," आई म्हणते, आणि तो तिच्या ओठांकडे बघत असतो.