एका दमात वाक्य
त्या वॉर्डात मी होते, माझी सासू होती, डॉक्टरीणबाई होती आणि खाटेवर माझी शाळकरी लेक. आज नातीनं फिल्टरला कॉफीचं डिकॉक्शन लावलं, त्या वासानं सगळं आठवलं. मद्रासचा उकाडा होता. लेकीला न्यूमोनिया झाला, घरच्या कषायानं, म्हणजे काढ्यानं, ताप उतरेना, म्हणून तिरुवल्लिकेणीतल्या घरून रिक्षात घालून हॉस्पिटलात आणलं. ताप गेला, पण धाप जाईना. "आई" म्हणतानाही दम तुटायचा. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अम्मा, जंतू मेलेत, पण फुप्फुसातल्या रक्तनळ्या अजून सुजल्यात. सूज जंतूंशी लढताना तिच्या अंगातल्या पेशींनीच आणली, आता त्याच उतरवतील. एका दमात पूर्ण वाक्य बोलली की समजा, उतरली." सासू म्हणाली, "सूज आणताना बरी घाई होती त्या पेशींना!" मी लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग एका सकाळी सासूनं फ्लास्कातली कॉफी तिला पाजली. लेकीनं तोंड वाकडं केलं, "आजी, साखर विसरलीस, मला नको ही कॉफी." सासू ओरडली, "अय्यो, भांडायला लागली ग पोर!" आणि डोळे पुसत साखर आणायला पळाली. ही नात त्याच लेकीची. वाचणाऱ्यांनो, घरात कुणाचं बोलणं धापेनं तुटायला लागलं तर वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटलात न्या.