केसभर फट

साहेबांच्या नकाशातलं माप मी त्यांना न विचारता बदललं.

साहेब म्हणजे फौजेतले इंजिनियर. महायुद्धात त्यांनी एकट्या शिपायाला पाठीवर नेता येईल अशी उखळी तोफ तयार केली होती. निवृत्त होऊन मंगळवार पेठेत राहायला आले आणि शेतकऱ्यांसाठी नदीचं पाणी उपसणारा पंप बनवायच्या मागे लागले. त्याचे भाग करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे तेव्हा लोखंड कातायचा एक लेथ होता, आणि लेथपेक्षा जड असा गर्व. नकाशात पंपाचा दट्ट्या आणि तो ज्यात सरकतो ते नळकांडं यांच्यात केसभर फट दाखवलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली! मी दट्ट्या असा चपखल केला की आत सरकताना नुसता सुस्कारा टाकी. तो सुस्कारा मी शेजारच्या चार कारखानदारांना बोलावून ऐकवला.

पहिला पंप पंचगंगेकाठच्या एका मळ्यात बसवला. चैत्राचं ऊन, ऊस पिवळा पडत चाललेला. तासाभरात गाळ आत शिरला आणि दट्ट्या गच्च अडकला.

"सायेब, ऊस चालला की माझा!" शेतकरी ओरडला.

साहेबांनी दट्ट्या ठोकून बाहेर काढला, त्यावरून बोट फिरवलं. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"माझ्या पहिल्या तोफेचा खटका असाच घट्ट होता," ते म्हणाले. "चाचणीला सगळे वाहवा म्हणाले. पुढं वाळवंटात वाळू शिरली. ती तोफ ज्यांच्या हातात होती, ते परत आले नाहीत. तेव्हापासून मी धुळीला जागा सोडतो."

एवढं बोलून ते बांधावर बसले आणि दट्ट्या घासू लागले. हातात कानस आणि पॉलिश पेपर, बस्स. मधूनच डोळे मिटून अंगठा फिरवायचे. झाल्यावर मी हळूच खिशातला मायक्रोमीटर लावला. नकाशातलंच माप, जसंच्या तसं! मग त्यांनी पाटातला मूठभर चिखल उचलला, दट्ट्याला फासला आणि तसाच आत घातला. मी "अहो!" म्हणेपर्यंत पंपाचं इंजिन सुरू.

पंप खडखडला, थोडा गळला, आणि पाणी धो धो उसाच्या सरीत शिरलं. साहेब चिखलाचे हात धूत होते. मला त्यांच्या हातांवरून नजर काढवेना.

तरी जीभ वळवळलीच. शेतकऱ्याला म्हटलं, "पंप बसवला मात्र मी, बरं का."

त्यानं मला खालपासून वर न्याहाळलं.

"मिस्त्री, अक्कल हाय तुमच्या हातात. तिला जरा वर चढू द्या की!"