ताजमहालाला हात लावून आलेले आबा

आबांवर लिहावं इतकं माझं वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अर्जांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलंही नाही. शिवाय आबा माझे कुणी सख्खे नव्हेत, अख्ख्या वाडीचे आबा. लिहायचं तर त्यांच्या घरच्यांनी लिहायला हवं. पण ते लिहिणार नाहीत, म्हणून हे धाडस करतोय. काही चुकलं तर आधीच माफी मागतो.

आबांची बोटं बघण्यासारखी होती. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर भाताची खाचरं टिकतात ती माती अडवणाऱ्या दगडी तालींमुळे, आणि आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या ताली आबांनी रचलेल्या. नुसता दगडावर दगड. ना चुना, ना सिमेंट; फटींतून पाणी निघून जावं आणि माती मागं राहावी म्हणून. काम झालं की आबा डोळे मिटून भिंतीवरून बोटं फिरवायचे आणि एखाद्या जागी थांबून म्हणायचे, "ह्यो दगड नीट नांदंना. काढा." काढला की मागं हमखास पोकळी निघायची. "डोळा भुलतो," आबा म्हणायचे, "बोट न्हाई भुलत."

ताजमहाल हा त्यांचा हुकमाचा एक्का. कुणी सिमेंटचं नाव काढलं की आबांचा प्रश्न ठरलेला, "ताजमहालात शिमिट हाय का? आत-भाईर नुसता दगड! आन् उभा हाय का न्हाई?" त्यांनी तो पाहिला होता वाणसामानाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर. भोरचे शकीलभाई गवंडी वाडीत कामाला आले की दोघांची जुंपायची.

"आबा, तुमचा ताजमहाल ह्या डोंगरावर आणा, मग बोलू."

"तू तुझी शिमिटाची गोणी झाक आदी. भिजंल."

मागच्या एका पावसाळ्यानंतर मात्र ही चेष्टा राहिली नाही. वाडीच्या डोक्यावरच्या थोरल्या तालीला पोट आलं, मधोमध ती बाहेर फुगली. ती सुटली तर मागची सगळी माती खालच्या सात घरांवर येणार होती. त्यांतलं एक घर आमचं. शकीलभाईंनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, पाया काँक्रीटचाच पाहिजे. आबा म्हणाले, पायाला सिमेंट लागलं तर मी दगडाला हात लावणार नाही. आणि एवढी उंच ताल रचणारं आबांशिवाय कुणी उरलं नव्हतं. काम तिथंच अडलं.

दिवाळीनंतर माझी रेल्वे भरतीची परीक्षा आली आणि केंद्र मिळालं थेट आग्र्याला. हे कळल्यावर आबा आमच्या दारात येऊन उभे राहिले. कॉलेजात गेल्यापासून ते मला सायबच म्हणायचे. "सायब, मला ने. एकदा हात लावून बघायचाय."

परीक्षेचं पुढं काही झालं नाही. तो विषय इथं नको. पण ती संपवून आम्ही दोघं शहरात निघालो, तेव्हा मी मनातून खट्टू झालो होतो. का कोण जाणे, मला अख्खं शहरच पांढरंशुभ्र असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात डोक्यावर वायरींचं जाळं, पेठ्याची दुकानं, गच्चीगच्चीवर माकडं. आबा म्हणाले, "आरं, ह्ये तर नसरापूर फाट्यावानीच हाय की! रिक्षा तेवढ्या जादा."

मग मोठ्या दरवाज्याच्या अंधारातून आम्ही पुढं झालो आणि समोर तो होता. इतक्या वेळा चित्रात पाहिलेली वस्तू, आता नवीन काय दिसणार, असं मी धरून चाललो होतो. पण चित्रात तो जमिनीवर उभा असतो. इथं तो टेकलाय की नाही, तेच कळेना. आबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "एवढा बोजा, आन् बसलाय बघ कसा. पाखरावानी."

जवळ गेल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि पांढऱ्या दगडात बसवलेल्या लाल फुलावरून बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. पाकळी कुठं संपते आणि पांढरा दगड कुठं सुरू होतो, ते त्या बोटाला सापडेना.

"सांधा लागंना रे," ते हळूच म्हणाले.

"बाबा, हाथ मत लगाओ!" पहारेकरी ओरडला.

आबांनी चटकन कान पकडले. "चुकी हुई, सायेब. पर अंदर बी ऐसाच पत्थर हाय ना?"

पहारेकरी हसला. "अंदर ईंट और चूना है, बाबा. पत्थर तो ऊपर से है."

आबा मागच्या बाजूला, यमुनेकडे तोंड करून बसून राहिले. मी शेजारी बसलो.

"तीस वर्सं म्या खोटं बोललो," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं, आबा."

"न बघता बोललं म्हंजी खोटंच." मग त्यांनी मान वळवून वर घुमटाकडे पाहिलं. "ज्यानं ह्ये केलं त्याला कशाचा कमीपणा वाटला न्हाई बघ. ईट घेतली, चुना घेतला, दगडाला दगडाची जागा दिली. आन् म्या एका गोणीला बघून तोंड फिरवतुया."

परतल्यावर स्वारगेटला आबांनी वेल्ह्याची एसटी सोडून दिली आणि भोरची धरली. शकीलभाईंच्या दारात उभं राहून म्हणाले, "ताजमहालात चुना हाय, शकील. पाया तुझा, ताल माझी."

शकीलभाईंनी कपाळाला हात लावला. "मी इतकी वर्सं बोंबललो ते ऐकलं न्हाई, आन् आग्र्याला जाऊन ऐकून आलात व्हय? पेठा तरी आणलाय का?" मग आबांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेले.

उन्हाळ्यात थोरली ताल उभी राहिली. बरी झाली का, असं मी फोनवर विचारलं, तर आबा म्हणाले, "माज्या म्हणण्यावर जाऊ नगं. पाऊस सांगंल." पावसाला पंधरा दिवस असताना आबा गेले. माझे पेपर चालू होते; मी दहाव्यालाच पोचलो.

जुलैत डोंगरात पाऊस असा लागला की वाडीतला एकही मोबाईल लागेना. घरात आई, आणि वर ती ताल. पुण्यात हॉस्टेलवर मी दोन दिवस नुसता फोन लावत होतो. तिसऱ्या दिवशी शकीलभाईंचाच फोन आला. मिळेल त्या टेम्पोनं, उरलेलं पायी, ते वाडीवर जाऊन आले होते आणि फोन लागावा म्हणून खाली वेल्ह्यात उतरले होते.

"आई बरी हाय तुजी," ते आधी म्हणाले.

"ताल जागची हलली न्हाई पोरा. फटीफटीतनं पाणी येतंय, पर नितळ. मातीचा कण न्हाई त्यात."