छावणीतली सुमन

"थांबा!" चाऱ्याच्या ढिगामागून एक बाई ओरडली. मी तेव्हा नाटकातल्या अपंग मुलीला घरात कोंडून बाहेरून कुलूप लावत होते.

आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. प्रसंग आम्ही सुरू करतो. बघणाऱ्याला पटलं नाही, तर त्याने थांबवायचं, पात्राची जागा घ्यायची आणि पुढचं करून दाखवायचं. अपंग माणसांविषयी भाषण देण्यापेक्षा असं केलं की गाव लवकर बोलतं. तेव्हा दुष्काळ होता. शिरूर कासारकडच्या त्या गावात दूध सोसायटीने जनावरांची छावणी उघडली होती. निम्मं गाव ऊसतोडीला, उरलेलं दिवसभर छावणीत. म्हणून प्रयोग तिथंच ठेवला.

पुढे आली ती काशीबाई. नवरा आणि मुलगा तोडीला गेलेले. मी तिला आईची भूमिका दिली. ती दार उघडेल असं मला वाटलं. तिने कुलूप नीट लावलं, ओढून पाहिलं आणि मुलगी झालेल्या मीनाला म्हणाली, "रडू नको माय. गायीला पाणी पाजून येते."

मग लोकांकडे वळली. "माझी सुमन अशीच घरात हाय. एकोणीस वर्साची झाली, पर समज लेकरावानी. मागं इथं आणलं, तर तुमीच म्हणले, हिला कशाला आणलं? पोरांनी खडे मारले. मी काय करू?"

सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "बाई, छावणी जनावरांची हाय. माणसाची जिम्मेदारी आमी कशी घ्यावी?"

"जनावराला सावली हाय, अन् लेकराला न्हाई व्हय?" शेजारच्या दावणीवरची म्हातारी म्हणाली. "मी बघते तिच्याकडं."

चेअरमन मान खाली घालून म्हणाले, "आणा उद्या."

सुमन आली. आधी आईचा पदर सोडेना. पुढे गायींपुढे चारा सारू लागली. बायका तिला हाक मारून भाकरीला बसवायच्या. मी जायचे तेव्हा ती मला हाताला धरून प्रत्येक गायीपाशी न्यायची. लई हसायची.

पाऊस झाला. छावणी उठली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही.

महिन्याभराने गेले तर काशीबाईच्या घराला बाहेरून कडी. आतून सुमनचा आवाज येत होता. काशीबाई शेतातून आली. मी विचारलं, "छावणीतल्या बायका बघत नाहीत?"

"कोण बघणार, ताई? ज्याची त्याची खुरपणी हाय. वाईट कोणीच न्हाई." कडी काढता काढता ती म्हणाली, "पुन्हा दुष्काळ पडला, तर नेईन तिला."

मी गावात पुन्हा प्रयोग लावला. चेअरमन आले, ती म्हातारी आली. बाकी सगळे रानात होते.

नव्या टीमला मी आता एवढंच सांगते: प्रयोगाला मिळालेल्या टाळ्यांवर विसंबू नका. गाव कामाला लागलं की मग जाऊन बघा.